बंजी तीनदा बदलली, तरी डावी स्की नाक टाकतेच: दोष शोधायचा कुठे?

तक्रार जवळपास प्रत्येक वेळी सारख्याच शब्दांत येते. पायलट उतरतो, हातमोजे काढतो आणि सांगतो, "वेग धरून खाली येत होतो, तेवढ्यात डाव्या स्कीने एकदम नाक टाकलं. विमानाला डावीकडे हिसका बसला. वेग कमी केला तशी ती आपोआप वर आली." मेकॅनिक जाऊन बंजी चाचपतो. ती थोडी सैल वाटते. नवी बंजी बांधली जाते, दुसऱ्या दिवशीचं उड्डाण व्यवस्थित होतं, आणि सगळे निश्चिंत होतात. आठ-दहा दिवस जातात. मग एका कडक थंडीच्या दिवशी पायलट पुन्हा समोर उभा असतो. "आज परत झालं."

एका हिवाळ्यात हे माझ्याच हातून तीनदा झालं. विमान शेपटीच्या चाकाचं, मागे-पुढे दोन आसनांचं, कापड चढवलेलं, पायपर कबच्या जातकुळीतलं. तिन्ही वेळा मी बंजी बदलली आणि तिन्ही वेळा दोष बंजीत नव्हता. तो कुठे होता आणि सापडला कसा, ते सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून मला अजूनही येतो आणि उत्तरही बहुतेकदा तेच निघतं.

आधी शब्दांचा घोळ नको. स्की म्हणजे बर्फावर उतरण्यासाठी चाकाच्या जागी लावलेली लांब फळी. ती ॲक्सलवर बसते आणि तिथे झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलू शकते. पुढच्या टोकाला आम्ही नाक म्हणतो, मागच्या टोकाला टाच. नाकाला दोन गोष्टी बांधलेल्या असतात. एक बंजी, म्हणजे रबराची शॉक कॉर्ड, जी नाक सतत वर ओढत असते. दुसरी सेफ्टी केबल, जी एरवी सैल लोंबत असते, पण बंजी तुटली किंवा हरली तर नाक ठराविक कोनापलीकडे खाली जाऊ देत नाही. टाचेला एकच केबल असते, चेक केबल. बंजी नाक वर ओढते म्हणजे टाच खाली जाऊ पाहते, आणि चेक केबल तिला एका जागी थांबवते. हवेत स्की ज्या कोनात राहते तो कोन बंजी ठरवत नाही. तो ठरवते चेक केबलची लांबी. बंजीचं काम एवढंच, की चेक केबल ताठ राहावी. हा फरक डोक्यात पक्का बसला असता तर माझ्या तीन बंज्या आणि बरेच दिवस वाचले असते.

स्की नाक का टाकते

हवेत स्की म्हणजे एक लांबट फळीच. तिचं नाक वाऱ्याच्या रेषेपेक्षा किंचित वर असलं, तर हवा तिला खालून उचलून धरते आणि बंजीचं काम हलकं होतं. नाक वाऱ्याच्या रेषेखाली गेलं, की तीच हवा वरून दाबायला लागते. एकदा वरून दाब बसला की नाक आणखी खाली जातं, खाली गेलं की दाब आणखी वाढतो, आणि बंजीची ताकद संपली की स्की सेफ्टी केबलवर जाऊन आदळते. म्हणून हे हळूहळू होत नाही, एकदम होतं.

आता वेग वाढवून खाली येताना काय होतं ते पाहा. हळू उडताना विमान नाक वर करून उडतं, म्हणजे स्कीचंही नाक वाऱ्यापेक्षा बरंच वर असतं. वेग वाढला की अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारा वारा यांतला कोन, कमी होतो, धड वाऱ्याच्या रेषेत येतं, आणि हळू उडताना जी स्की चार-पाच अंश वर होती ती आता शून्याजवळ किंवा शून्याखाली असते. त्यात हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११० किलोमीटरचे १५० झाले, तर दाब जवळपास १.९ पट होतो. म्हणजे कोन वाईट व्हायची आणि दाब वाढायची वेळ नेमकी एकच. स्लिप करत, म्हणजे विमान आडवं सरकवत, उतरतानाही तक्रार याच कारणाने येते. वारा तिरपा येतो, एक स्की धडाच्या आडोशाला जाते, दुसरीवर हवा वेड्यावाकड्या कोनातून बसते.

यातून एक गोष्ट सरळ निघते. चेक केबलने स्कीला मुळातच नाक खाली धरून ठेवलं असेल, तर बंजी कितीही कडक बांधा, तुम्ही फक्त गडबडीचा वेग थोडा वर ढकलता. बंजी नवी असेपर्यंत वेळ मारून नेली जाते. ती जरा बसली की दोष जागच्या जागी असतो.

चौथ्या वेळी काय केलं

चौथ्या वेळी मी एकही गाठ सोडली नाही. आधी मोजलं.

पहिलं मोजमाप बंजीच्या ओढीचं. विमान जॅकवर उचलून स्की अधांतरी केल्या. दोन्हीकडची चेक केबल ताठ आहे हे बोटाने दाबून पाहिलं. मग नाकाभोवती पट्टा घालून त्यात स्प्रिंगचा काटा अडकवला आणि सरळ खाली ओढत गेलो. एक जण टाचेशी बसून चेक केबलवर बोट ठेवून होता. केबल बोटाखाली मऊ पडली त्या क्षणी तो "आलं" म्हणाला आणि मी काटा वाचला. डावीकडे साडेदहा किलो, उजवीकडे अकरा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-२बी या सल्लापत्रकात १५०० ते ३००० पौंड लिमिट लोडच्या (म्हणजे एवढा कमाल भार पेलणाऱ्या) स्कींसाठी हा आकडा २० ते ४० पौंड दिला आहे, म्हणजे साधारण ९ ते १८ किलो. दोन्ही बाजू मर्यादेत होत्या आणि एकमेकींच्या जवळही होत्या. मग उजवी स्की शांत आणि डावीच का नाक टाकते? तिथेच मला कळलं की मी तीन वेळा चुकीच्या टोकाला काम करत होतो.

दुसरं मोजमाप कोनाचं, आणि यात घाई करून चालत नाही. त्याच सल्लापत्रकाची पद्धत अशी आहे की विमानाचं वजन लँडिंग गिअरवर असताना, धड लेव्हल करून, चेक केबलच्या लांबीने स्कीचा कोन शून्य ते अधिक ५ अंश ठेवायचा (अधिक म्हणजे नाक वर, उणे म्हणजे नाक खाली). सेफ्टी केबलची लांबी मात्र गिअरवरचं सगळं वजन काढून ठरवायची, आणि नाक उणे २० ते उणे ३५ अंशांच्या दरम्यान थांबेल अशी. तुमच्या स्कीच्या उत्पादकाने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळायचे. ते कागद हातात नसताना पाना उचलू नये.

लेव्हल करणं म्हणजे शेपटी घोडीवर उचलून, विमानाच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी पाणसळ लावणं. अंदाजाने "सरळ दिसतंय" म्हणून पुढे जाऊ नका. दोन अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, आणि इथे सगळं प्रकरण दोन-तीन अंशांचंच आहे. शेपटी घोडीला बांधून टाका. इंजिनच्या बाजूला वजन जास्त असतं, कुणी पुढे टेकलं तर विमान नाकावर येईल.

आणखी एक खाच आहे, जी मी माझ्या वस्तादांकडून शिकलो. विमान जॅकवरून खाली ठेवलं की गिअरचे पाय वजनाने बाहेर फाकतात. पण स्की काँक्रीटवर असेल तर तळ जमिनीला धरून ठेवतो आणि पाय पूर्ण फाकतच नाहीत. तुम्हाला वाटतं वजन गिअरवर आलं, प्रत्यक्षात ते अर्धंच आलेलं असतं. म्हणून प्रत्येक स्कीखाली पत्र्याच्या दोन प्लेटा ठेवायच्या, मध्ये ग्रीस. मग पंखांची टोकं धरून विमान दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवायचं. प्लेटा सरकताना दिसतात, पाय बाहेर जातात आणि स्थिर होतात. त्यानंतरच कोन मोजायचा. आमच्याकडे या हलवण्याने डाव्या स्कीचं वाचन जवळपास एका अंशाने बदललं.

कोनमापक स्कीच्या तळाच्या सपाट भागाला समांतर ठेवायचा, नाकाच्या वळणावर नाही. अर्थात वजन जमिनीवर असताना स्की जमिनीचाच कोन दाखवणार. म्हणून एका वेळी एक नाक हाताने वर उचलायचं, चेक केबल ताठ होईपर्यंत, आणि त्या स्थितीत वाचायचं. उजवी अधिक साडेतीन अंश. डावी अधिक अर्धा अंश.

अर्धा अंश म्हणजे शून्य ते पाचच्या आत. कागदावर पाहिलं तर डावी स्कीही नियमात बसत होती. पण मग विमान पुन्हा उचललं आणि तेच वाचन पाय लोंबते ठेवून घेतलं, म्हणजे हवेत असतात तसे. उजवी अधिक अर्ध्या अंशावर आली. डावी उणे अडीच.

हे असं का होतं ते केबलकडे पाहिलं की कळतं. चेक केबलचं वरचं टोक धडाला पक्कं आहे. वजन निघालं की गिअर खाली लोंबतो, ॲक्सल त्या टोकापासून दूर जातो, पण केबलची लांबी तीच. मग केबल टाच वर ओढते, आणि टाच वर म्हणजे नाक खाली. आमच्या विमानात हा फरक तीन अंशांचा निघाला. तुमच्यात तो कमी-जास्त असेल, गिअरची रचना आणि केबल धडाला कुठे बांधली आहे यावर ते ठरतं. गिअरच्या आतली रबरं दमलेली असली तर जमिनीवर पाय जास्त फाकतात आणि हा फरक आणखी वाढतो. म्हणून माझं मत असं बनलं आहे की जमिनीवरचं वाचन हे काम बसवण्याचं वाचन आहे. दोष शोधताना पाय लोंबते ठेवूनही वाचन घ्यायलाच हवं, कारण तक्रार हवेतली आहे.

तर डावी स्की प्रत्येक उड्डाणात अडीच अंश नाक खाली धरून उडत होती. बंजी नवी, कडक असेपर्यंत ती पंधरा-सोळा किलोने ओढायची आणि वेळ निभायची. आठवडाभरात बसून ती साडेदहावर आली की वेगात हवा जिंकायची.

अडीच सेंटीमीटर

डाव्या बाजूची चेक केबल मागच्या हिवाळ्यात बदलली होती. एका ठिकाणी तारा तुटलेल्या सापडल्या म्हणून, आणि बदलणं योग्यच होतं. पण नवी केबल करताना जुनी टेबलावर मोकळी टाकून मापली गेली. वापरलेली केबल मोकळी टाकली की सरळ राहत नाही, तिला बाक असतो. शिवाय माप लूपच्या कुठल्या कडेपासून घ्यायचं यात गफलत झाली. दोन्ही मिळून नवी केबल अडीच सेंटीमीटर आखूड झाली.

अडीच सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. हिशोब करून पाहा. ॲक्सलपासून टाचेच्या कडीपर्यंत आमच्याकडे सत्तर सेंटीमीटर आहेत. तीन अंश फिरलं की टाच साडेतीन सेंटीमीटरांहून थोडी जास्त वर-खाली होते, आणि केबल साधारण ४५ अंशांत तिरपी जात असल्याने तिच्या लांबीत तो फरक सुमारे अडीच सेंटीमीटरांचा येतो. उजवी आणि डावी यांतले तीन अंश नेमके तिथून आले होते.

केबल नवी करताना माप पिनपासून पिनपर्यंत घ्या, म्हणजे थिंबलच्या (केबलच्या लूपमधल्या धातूच्या खोबणीच्या) आत पिन जिथे टेकते तिथून दुसऱ्या टोकाला पिन जिथे टेकते तिथपर्यंत, आणि केबल ताणलेली असताना. त्याहून बरं म्हणजे जुन्या केबलवर विसंबूच नका, ती आधीच चुकीची असू शकते. विमान लेव्हल करून स्की हव्या त्या कोनात टेकू देऊन धरा आणि दोन पिनांमधलं अंतर तिथल्या तिथे मोजा. लूप पक्का करणारी धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबला की केबल किंचित लांब सरकते, तेव्हा आधी एक टोक पूर्ण करा, दुसरं टोक जागेवर धरून खूण करा आणि मग दाबा. दाबलेला प्रत्येक स्लीव्ह गेजने तपासा. नटबोल्टाच्या क्लिपा लावून केबल तात्पुरती बांधलेली मी पाहिली आहे. विमानावर ते करू नका, थरथरीने त्या सैल होतात.

नवी केबल अशी केली की डावीचं जमिनीवरचं वाचन अधिक साडेतीनवर आलं. उजवीच्या बरोबर. मग एक गोष्ट पुन्हा तपासावी लागते, जी लोक विसरतात: चेक केबल लांब केली म्हणजे नाक आधीपेक्षा वर जाऊ शकतं. पंख्याचं (प्रोपेलरचं) पातं हाताने फिरवून खाली आणा, मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी पुरवणारे) बंद आहेत याची दोनदा खात्री करून, आणि नाक पूर्ण वर असताना पातं आणि स्की यांत किती जागा उरते ते बघा. वजन गिअरवर असतानाही बघा आणि उचललेलं असतानाही.

बंजी खरोखर दोषी असते तेव्हा

असते, नाही असं नाही. काट्यावरचं वाचन मर्यादेखाली गेलं किंवा दोन बाजूंत मोठा फरक पडला, तर बदलायलाच हवी. विमानाच्या शॉक कॉर्डच्या कापडी आवरणात रंगीत धागे विणलेले असतात, त्यावरून तिचं वय वाचता येतं. एकाच रंगाचे दोन धागे वर्ष सांगतात: शेवटचा अंक ० किंवा ५ असेल तर काळा, १ किंवा ६ हिरवा, २ किंवा ७ लाल, ३ किंवा ८ निळा, ४ किंवा ९ पिवळा. वेगळ्या रंगाचा तिसरा धागा तिमाही सांगतो: लाल पहिली, निळी दुसरी, हिरवी तिसरी, पिवळी चौथी. रंग दर पाच वर्षांनी फिरून येतात, म्हणून कपाटात पडून राहिलेली "नवीन" बंजी खरेदीच्या नोंदीशी ताडून बघा. पॅकिंग फोडलेलं नाही म्हणजे रबर ताजं आहे असं नसतं.

बंजीचं वाचन ऊबदार हँगरमध्ये घेऊन समाधान मानू नका. रबर थंडीत ताठर होतं, ताणल्यावर परत यायला वेळ लावतं. विमान रात्रभर बाहेर ठेवा, सकाळी तिथेच काटा लावा. नाक पूर्ण खाली ओढून सोडा आणि ते किती चटकन वर येतं ते डोळ्याने बघा. हँगरमध्ये ते टपकन वर येतं. बाहेर ते आळस दिल्यासारखं येत असेल, तर हवेतही तसंच येणार.

आणि बंजी उगाच कडक बांधू नका. नाक जास्त जोराने वर ओढलं की जमिनीवर टाच बर्फात रुतते, टॅक्सी करताना ओढ वाढते, धडावरच्या फिटिंगवर विनाकारण ताण येतो. बंजी आणि सेफ्टी केबल एकाच कडीत अडकवलेली दिसली तर तिथेच थांबा. दोघींना स्कीवरही आणि धडावरही स्वतंत्र फिटिंग हवं. सेफ्टी केबल आहेच मुळी बंजीचं टोक निसटलं तर सांभाळायला. एकच कडी तुटून दोन्ही गेल्या, तर ती स्की हवेत उभी राहील आणि मग पायलटच्या हातात फारसं काही उरत नाही.

सकाळी होतं, दुपारी होत नाही

ही दुसरी जात आहे आणि तिचं उत्तर वेगळं. दुसऱ्या एका विमानात स्की फक्त दिवसाच्या पहिल्या उड्डाणात नाक टाकायची. कोन बरोबर, काटा बरोबर, केबली बरोबर. दुपारच्या उड्डाणात काहीच नाही.

ते विमान रात्री गरम हँगरमध्ये असायचं. स्कीवरचा बर्फ वितळून पाणी ॲक्सलवरून बुशमध्ये, म्हणजे स्की ज्यावर डुलते त्या नळीत, झिरपायचं. सकाळी विमान बाहेर काढलं की ते पाणी बुशमध्येच गोठायचं. स्की अडकून बसायची. उड्डाण करताना धक्क्याने नाक खाली गेलं की ते खालीच राहायचं, बंजी ओढत राहायची पण बुश फिरायचा नाही. तासाभरात हलून-डुलून बर्फाचा चुरा व्हायचा आणि दुपारी सगळं सुरळीत.

हे पकडायचं असेल तर हात लावायची वेळ महत्त्वाची. हँगरमध्ये तपासून काही सापडणार नाही. विमान बाहेर काढून अर्धा-पाऊण तास थंडीत ठेवा, मग एक बाजू उचलून नाक खाली दाबा आणि सोडा. आमच्याकडे ते दाबताना बारीक करकर ऐकू आली, आणि सोडल्यावर नाक मध्येच थांबलं. स्की उतरवली तेव्हा जुनं ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं होतं. सगळं पुसून काढलं, बुश कोरडा केला, थंडीत न घट्टावणारं ग्रीस भरलं, ते दुसऱ्या तोंडातून स्वच्छ बाहेर येईपर्यंत. तेव्हापासून विमान आत घेण्याआधी स्कीवरचा बर्फ झाडून काढायचा अशी शिस्त लावली.

ॲक्सलचा नट जास्त आवळला असेल तरी लक्षण असंच दिसतं, फक्त ते सकाळ-दुपार पाहत नाही. बंजी सोडून स्की हाताने डुलवून बघा. ती मोकळी डुलायला हवी, पण बाजूला खडखडायला नको.

जमिनीवर टाच रुतते

कधी तक्रार उलटी असते. हवेत सगळं ठीक, पण शेपटी खाली असताना टाच बर्फात घुसते आणि नाक हवेत राहतं. यात बहुतेक वेळा सेफ्टी केबल आखूड असते. या जातीचं विमान तीन टेकूंवर उभं असताना धड दहा-बारा अंश वर झुकलेलं असतं, म्हणजे स्की जमिनीवर सपाट टेकली तरी धडाच्या हिशोबाने ती दहा-बारा अंश नाक खाली असते. पुढे खळगा आला की आणखी खाली जावं लागतं. सेफ्टी केबल उणे पंधरावरच ताठ होत असेल तर नाक खळग्यात जाऊच शकत नाही, आणि विमानाचं वजन त्या केबलवर येतं. नाकाजवळची कडी वाकलेली किंवा फिटिंगचं भोक लांबट झालेलं दिसलं, तर हेच चाललं आहे असं समजा. आधी सांगितलेली उणे २० ते उणे ३५ ही मर्यादा म्हणूनच एवढी सैल आहे.

उभ्या विमानाच्या स्की जमिनीला गोठून चिकटतात, आणि मग जोराने इंजिन देऊन त्या सोडवल्या जातात. त्या हिसक्यांनीही कड्या आणि केबलींचे लूप खराब होतात. विमान फळ्यांवर उभं करा, निम्मा त्रास जातो.

स्की धडाला समांतर आहेत का, हे दोरी आणि ओळंब्याने एकदा बघून घ्या, तेही त्याच ग्रीसच्या प्लेटांवर वजन ठेवून. विमान बर्फात सतत एकीकडे ओढत असेल तर कारण तिथे सापडतं. नाक टाकण्याशी त्याचा संबंध नसतो.

चाक आणि स्की दोन्ही असलेली, हवेत वर-खाली करता येणारी जुळणी असेल तर हीच सगळी मोजमापं दोन्ही स्थितींत घ्यावी लागतात. स्विस पायलट हरमान गायगर यांनी १० मे १९५२ रोजी स्वित्झर्लंडच्या कांडर हिमनदीवर पायपर उतरवलं ते अशाच स्कींवर. अशा जुळणीत स्की वर घेतल्यावर केबलींची भूमिती पूर्ण बदलते. एका स्थितीत बरोबर आहे म्हणून दुसरीत असेलच असं धरू नका.

हवेत झालं तर

पायलटने वेग कमी करावा, सावकाश, हिसका न देता, आणि स्लिप करू नये. वेग उतरला की हवेचा दाब कमी होतो, धडाचं नाक वर येतं आणि बंजीला स्की परत ओढता येते. बहुतेक वेळा ती येते. आली तरी त्या दिवशी पुन्हा वेग वाढवून "बघू होतं का" असं करू नये. सेफ्टी केबलने एक मोठा धक्का खाल्लेला असतो. जमिनीवर आल्यावर आधी ती तपासायची: मऊ कापड केबलभोवती धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. तुटलेली एखादी बारीक तार कापडाचा धागा पकडते. उघडा हात फिरवू नका, तार बोटात शिरते.

दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण एकट्या पायलटने, शांत हवेत करावं. वेग पाच-दहाच्या टप्प्यांनी वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर दोन्ही स्कींकडे बघायचं, थरथर दिसली तर तिथेच थांबायचं. स्की बसवल्यावर कमाल वेगाची जी मर्यादा कागदांत दिली आहे तिच्या पुढे जायचं नाही. आमच्या पायलटने डाव्या खिडकीच्या कडेला पेन्सिलने खूण केली होती, स्कीचं नाक तिच्या बरोबरीने दिसायचं. सगळ्या टप्प्यांवर ते त्या खुणेपासून हललं नाही. उतरल्यावर मी पुन्हा काटा लावला, डावीकडे साडेदहा, उजवीकडे अकरा, तीच जुनी बंजी. हे आकडे, जमिनीवरचे आणि उचललेल्या स्थितीतले कोन, केबलचं पिनपासून पिनपर्यंतचं माप आणि त्या दिवशीचं तापमान विमानाच्या लॉगबुकात लिहून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात स्की परत चढवताना पहिल्यांदा ते पान उघडतो.